रेडिएटरच्या पंख्याला डॅशबोर्डवर बटण लावायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा: पंधरा-वीस वर्षं जुनी पेट्रोल गाडी, रेडिएटरला एकच इलेक्ट्रिक पंखा. घाट चढताना आणि ट्रॅफिकमध्ये टेंपरेचरचा काटा अर्ध्याच्या वर जातो, पंखा उशिरा लागतो असं वाटतं. गॅरेजवाला म्हणतो, ‘पंखा डायरेक्ट करून देतो.’ त्याऐवजी डॅशबोर्डवर बटण लावलं तर चालेल का, आणि कसं लावायचं?

चालेल. ‘डायरेक्ट’ करण्यापेक्षा नक्कीच बरं. डायरेक्ट करणं म्हणजे थर्मो स्विचच्या (पाणी तापलं की पंखा लावणाऱ्या स्विचच्या) दोन वायरी एकमेकींना पिळून टाकायच्या. मग चावी लावली की पंखा सुरू. त्यात मूळ आजार झाकला जातो, पंख्याच्या मोटरचे ब्रश लवकर झिजतात, आणि पावसाळ्यात रात्री वायपर, हेडलाइट, ब्लोअर सगळं चालू असताना बॅटरी चार्ज व्हायच्याऐवजी उतरत जाते. बटणाचा नियम मात्र एकच पाळायचा: बटणाने पंखा चालू करता यावा, ऑटोमॅटिक पंखा बंद करता येऊ नये. बटण विसरलात, बटण मोडलं, बटणाची वायर तुटली, तरी थर्मो स्विच आपलं काम करत राहिला पाहिजे. खाली जे सांगतो आहे ते सगळं याच नियमावर बेतलेलं आहे.

आधी पंखा खरंच उशिरा लागतो का ते बघा. थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा-सोडणारा व्हॉल्व्ह) साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो. पंख्याचा थर्मो स्विच बहुतेक गाड्यांत ९२ ते ९८ अंशांच्या दरम्यान लागतो आणि त्याखाली पाचेक अंशांवर सुटतो. म्हणजे गाडी उभी असताना काटा अर्ध्यापर्यंत येणं, किंचित वर सरकणं, पंखा लागणं, काटा खाली येणं, पंखा थांबणं हे निरोगी गाडीचं लक्षण आहे. हे चक्र एसी बंद ठेवून, गाडी जागेवर उभी करून दोन-तीनदा बघा. एसी बंद ठेवायचं कारण, एसी लावला की बऱ्याच गाड्यांत पंखा तसाही चालू होतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. काटा हायवेवर ८०च्या वेगात वर जात असेल तर बटणाचा काडीचा उपयोग नाही. ताशी ५०-६० किलोमीटरच्या पुढे समोरून येणारा वारा पंख्यापेक्षा जास्त हवा रेडिएटरमधून ढकलतो. तिथे गाडी तापते म्हणजे रेडिएटर आतून चोक आहे, बाहेरच्या जाळीत चिखल-किडे बसलेत, वॉटर पंपाची पाती खाल्ली आहेत, थर्मोस्टॅट अर्धवट उघडतो आहे किंवा कूलंटच कमी आहे. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलेल्या रेडिएटरमध्ये नळ्यांना आतून जो पांढरा थर धरतो, त्याला पंखा काही करू शकत नाही. गाडीला मागाहून सीएनजी किट बसवलं असेल तर आणखी एक जागा तपासा: किटच्या रेड्युसरला गरम ठेवायला कूलंटचीच नळी नेलेली असते, आणि ती जोडताना सिस्टिममध्ये हवा अडकून राहिली तर काटा वेड्यासारखा वर-खाली होतो.

रेडिएटरचं झाकण स्वस्त आहे म्हणून कोणी त्याच्याकडे बघत नाही. ते ०.९ बारचं असेल आणि दाब धरत असेल तर आतलं साधं पाणी १०० ऐवजी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. अर्धं पाणी, अर्धं ग्लायकोल असं मिश्रण असेल तर त्याहून वर. झाकणाचं रबर गेलं की हा सगळा फायदा गेला. त्यात घाट चढून महाबळेश्वरला पोहोचलात, साधारण १,३५० मीटरवर, तर उघडं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. थर्मो स्विच ९५चा असेल तर पंखा लागायच्या सुमारास पाणी उकळायला लागलेलं असतं. ‘पंखा उशिरा लागतो’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच निघतं: पंखा वेळेवर, पाणी लवकर. झाकण बदला, योग्य कूलंट भरा, मग बटणाचा विचार करा.

थर्मोस्टॅट काढून टाकलेला असेल (‘व्हॉल्व्ह काढला की गाडी थंड राहते’ हा सल्ला आपल्याकडे फार मिळतो) तर तो परत बसवा. थर्मोस्टॅट जागेवर असेल तर बटण चुकून चालू राहिलं तरी इंजिन फार थंड होत नाही, कारण पाणी थंड झालं की तो रेडिएटरकडची वाट आवळतो. तो नसेल तर बटणाने इंजिन कायम थंडच राहील, पेट्रोल जास्त जाईल आणि इंजिन झिजेल.

आता वायरिंग. गाडीच्या मॉडेलवरून किंवा वायरीच्या रंगावरून अंदाज बांधू नका. इतक्या वर्षांत कोणी काय जोडलं असेल सांगता येत नाही. तपासणी सोपी आहे. इंजिन थंड, एसी बंद, चावी ऑन, इंजिन बंद. हात, बाही, ओढणी पंख्यापासून लांब; बऱ्याच गाड्यांत पंख्याला बॅटरीची थेट लाइन असते आणि तो चावी काढल्यावरही सुरू होऊ शकतो. थर्मो स्विच रेडिएटरच्या बाजूच्या किंवा खालच्या टाकीत, किंवा थर्मोस्टॅटच्या घराजवळ सापडेल. त्याचा कपलर (वायरींचं प्लगसारखं टोक) काढा आणि काय होतं बघा.

कपलर काढल्यावर काहीच झालं नाही, आणि कपलरमधल्या दोन वायरी छोट्या तारेने जोडल्यावर पंखा फिरला, तर स्विच साध्या प्रकारचा आहे: गरम झाला की जोडतो. (एकच वायर असेल तर ती बॉडीला टेकवून बघा.) आता वायरीची जाडी बघा. जाड असतील तर पंख्याचा सगळा करंट या स्विचमधूनच जातो, मध्ये रिले (छोट्या करंटाने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही. बारीक असतील आणि जोडताना कुठेतरी रिलेचा ‘टक्’ ऐकू आला, तर स्विच फक्त रिलेच्या कॉइलला अर्थ देतो, म्हणजे तिचं एक टोक बॉडीला (निगेटिव्हला) जोडतो. हा दुसरा प्रकार सगळ्यात सोयीचा.

कपलर काढताक्षणी पंखा सुरू झाला तर स्विच उलट्या प्रकारचा आहे: थंड असताना जोडलेला, गरम झाल्यावर सुटणारा. जुन्या टोयोटा गाड्यांत असा असतो. वायर तुटली तर पंखा चालूच राहील, इंजिन जळणार नाही, असा त्यामागचा विचार, चांगला आहे. पण गोंधळू नका: कपलर काढल्यावर पंख्याबरोबर चेक इंजिनचा दिवाही लागला, तर तुम्ही थर्मो स्विच नव्हे, ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा) टेंपरेचर सेन्सर काढलाय. सेन्सर सापडत नाही म्हणून ईसीयू सावधगिरीने पंखा चालवतो आहे. तो कपलर परत लावा. त्या गाडीत पंखा ईसीयू चालवतो आणि बटणासाठी सेन्सरच्या वायरीला हात लावायचा नाही. काहीजण तिथे रेझिस्टर घालून ईसीयूला फसवतात. त्याने पंख्याबरोबर पेट्रोलचं आणि इग्निशनचं गणितही बिघडतं.

रिले आहे आणि थर्मो स्विच अर्थ देतो, अशी गाडी असेल तर काम तासाभराचं. थर्मो स्विचकडे जाणाऱ्या, रिलेच्या कॉइलवरून आलेल्या वायरीला एक ०.७५ एमएमची (म्हणजे चौरस मिमीची) वायर जोडा, ती डॅशबोर्डवरच्या बटणाच्या एका पिनला आणा, बटणाची दुसरी पिन बॉडीला अर्थ करा. झालं. थर्मो स्विच आणि बटण समांतर. दोघांपैकी कोणीही अर्थ दिला की पंखा चालतो. बटणातून कॉइलचा करंट जातो, साधारण ०.१५ अँपिअर, त्यामुळे साधं बटणही चालतं. या जोडणीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की बटणाची वायर पत्र्याला घासून उघडी पडली तर शॉर्ट होत नाही, ठिणगी पडत नाही. फक्त पंखा चालू होतो.

इथे एक चूक हमखास होते. कॉइलची दुसरी बाजू, म्हणजे पॉझिटिव्हची, बटणाने चालवायची म्हणून बॅटरीची थेट लाइन बटणातून तिथे आणली जाते. ती बाजू चावीच्या इग्निशन लाइनला जोडलेली असते. मग चावी बंद केली तरी बॅटरीचा करंट बटणातून उलटा इग्निशन लाइनमध्ये शिरतो आणि इंजिन बंदच होत नाही. बटण अर्थच्या बाजूलाच ठेवा.

उलट्या प्रकारच्या स्विचला समांतर जोडणी चालत नाही. तिथे थर्मो स्विचची एक वायर मधे तोडून बटण तिच्या मालिकेत घालायचं, आणि बटण दाबलं की जोड सुटेल असं लावायचं. बटण खराब होऊन सुटलं तरी पंखा चालू होतो, म्हणजे मूळ सुरक्षितता शाबूत राहते. बटण ‘बंद’च्या जागी आहे म्हणजे संपर्क जोडलेला आहे, हे उलटं गणित मात्र बटणापाशी लिहून ठेवा.

आता जाड वायरींचा प्रकार. इथे पंख्याच्या मूळ वायरीत बटण घालून ती वायर डॅशबोर्डपर्यंत नेणं म्हणजे आगीला आमंत्रण. पंखा १२० वॅटचा असेल तर साडेतेरा व्होल्टवर ९ अँपिअर घेतो, २५० वॅटचा १८-१९ अँपिअर, आणि सुरू होतानाचा धक्का याच्या दुप्पट-तिप्पट. दुकानातल्या रॉकर बटणावर ‘२० अँपिअर’ छापलेलं असलं तरी आतला संपर्क रोजच्या मोटरच्या धक्क्याने काळा पडतो, मग गरम होतो, मग प्लॅस्टिक वितळतं. शिवाय रेडिएटरपासून डॅशबोर्ड आणि परत असा सहा मीटरचा फेरा झाला की व्होल्टेज वाटेतच मरतं. १ चौरस मिमीच्या ३ मीटर तांब्याच्या वायरीत १८ अँपिअरला जवळपास ०.९ व्होल्ट पडतो. ४ चौरस मिमीच्या वायरीत पाव व्होल्टही नाही. पंख्याचा वेग व्होल्टेजबरोबर घसरतो आणि हवा कमी होते. बटण लावून पंखा हळू केला, असा तो प्रकार.

या गाडीत मी नवा रिले घालून थर्मो स्विचलाही त्या जड करंटातून मोकळं करीन. सामान असं: १२ व्होल्टचा ४० अँपिअरचा चार पिनांचा रिले आणि त्याचा वायरींसह येणारा सॉकेट, वॉटरप्रूफ झाकणाचा फ्यूज होल्डर, पंखा १८ अँपिअरच्या आसपास असेल तर ३० अँपिअरचा ब्लेड फ्यूज, १० अँपिअरच्या आसपास असेल तर १५चा किंवा २०चा, ४ एमएमची लाल वायर ३ मीटर (छोट्या पंख्याला अडीच एमएम पुरते), तितकीच जाड काळी वायर मीटरभर, ०.७५ एमएमची वायर ५ मीटर. बॅटरी आणि अर्थसाठी डोळ्याचे लग, पंख्याच्या कपलरसाठी योग्य पिना, हीट श्रिंक स्लीव्ह, चिरलेली फ्लेक्सिबल नळी, एक रबरी ग्रोमेट. वायर घेताना एक टोक खरवडून बघा. आत पांढरं दिसलं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियम आहे, परत द्या. पंख्याचा करंट मोजायला साधा मल्टीमीटर वापरू नका, त्याची १० अँपिअरची हद्द सुरुवातीच्या धक्क्यातच ओलांडते आणि आतला फ्यूज उडतो. डीसी क्लॅम्प मीटर लागतो, नाहीतर मोटरवरचे वॅट वाचून १३.५ने भागा.

जोडणी: बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून लाल जाड वायर, तिच्यात बॅटरीपासून एक वीतभर अंतराच्या आत फ्यूज, आणि ती रिलेच्या ३० नंबरच्या पिनला (नंबर रिलेवर छापलेले असतात). फ्यूज रिलेजवळ ठेवला तर बॅटरी ते रिले ही वायर बिनसंरक्षित राहते आणि शॉर्ट झाली की जळते. ८७ वरून जाड वायर पंख्याच्या पॉझिटिव्हला. पंख्याची निगेटिव्ह चांगल्या अर्थला, रंग खरवडून, शक्यतो जिथे मूळ अर्थ आहे तिथेच. ८६ला चावीने चालू होणारी पॉझिटिव्ह, ५ अँपिअरच्या फ्यूजमधून. ८५ वरून निघालेली वायर थर्मो स्विचच्या एका पिनला. थर्मो स्विचची दुसरी पिन अर्थला. आणि त्याच ८५ वरून दुसरा फाटा बटणाला, बटणाची दुसरी पिन अर्थला. म्हणजे गाडी आता वर सांगितलेल्या सोयीच्या प्रकारात आली. मूळ जाड वायरींची टोकं स्लीव्ह घालून नीट बंद करा, तोडून टाकू नका. उद्या परत करायचं झालं तर लागतील.

८६ पॉझिटिव्ह आणि ८५ अर्थकडे, हा क्रम साध्या रिलेला फरक पाडत नाही. पण आत डायोड असलेला रिले आला आणि उलटं जोडलंत, तर चालू करताच शॉर्ट. म्हणून क्रम पाळायची सवय ठेवा. पाच पिनांचा रिले मिळाला तर मधली ८७ए ही पिन मोकळी ठेवा आणि तिच्यावर टेप लावा. रिले बंद असताना ३० नंबरची थेट लाइन तिच्यावर आलेली असते, आणि तिला ८७ समजून पंखा जोडला की पंखा उलटा वागतो.

८६ची लाइन कुठून घ्यायची यावर थोडा विचार करा. चावीत साधारण दोन प्रकारच्या ऑन लाइन असतात: एक स्टार्टर मारतानाही चालू राहते, दुसरी तेवढ्यापुरती जाते. ब्लोअर बहुतेक गाड्यांत या दुसऱ्या लाइनवर असतो. तीच घ्या, बटण चालू राहिलं असलं तरी स्टार्ट करताना बॅटरीवर पंख्याचं ओझं पडत नाही. थेट बॅटरीवरून घ्यायची इच्छा होते, कारण गाडी बंद केल्यावरही पंखा चालवता येईल असं वाटतं. पण इंजिन बंद म्हणजे वॉटर पंपही बंद. पंखा रेडिएटरमधलंच पाणी थंड करत बसतो, हेडभोवतीचं तापलेलं पाणी जागेवर राहतं. वर ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीतून १५ अँपिअरचा पंखा तासात जवळपास निम्मी बॅटरी पितो. घाटमाथ्यावर थांबायचं असेल तर इंजिन मिनिट-दोन मिनिटं आयडलवर ठेवून, पंखा चालू ठेवून मग बंद करणं हे जास्त कामाचं.

ईसीयूवर चालणाऱ्या पंख्याचं वेगळं. ईसीयू सहसा रिलेच्या कॉइलला अर्थ देतो. त्याच वायरीला बटणाने समांतर अर्थ दिला तर पंखा चालतो, आणि बऱ्याच जुन्या ईसीयूंना त्याचं काही वाटत नाही. पण काही ईसीयू त्या वायरीवर नजर ठेवतात: आपण बंद ठेवलाय तर तिथे १२ व्होल्ट दिसायला हवेत, शून्य का दिसतं? मग पी०४८० किंवा पी०६९१ असा कोड पडतो आणि दिवा लागतो. आणि त्या वायरीवर चुकूनही १२ व्होल्ट देऊ नका. ईसीयू ज्या क्षणी अर्थ द्यायला जाईल त्या क्षणी त्याच्या आतला ट्रान्झिस्टर थेट बॅटरीला शॉर्ट होतो. पंख्याच्या बटणापायी ईसीयू बदलायची वेळ येते ती अशी. सुरक्षित मार्ग म्हणजे मूळ रिलेची कॉइल सोडून द्यायची आणि स्वतंत्र नवा रिले लावून त्याचा ८७ मूळ रिलेच्या ८७शी, पंख्याकडे जाणाऱ्या वायरीवर, जोडायचा. नव्या रिलेची कॉइल फक्त बटणावर. ईसीयूला पत्ताही लागत नाही.

हे एकाच वेगाच्या पंख्याला लागू आहे. दोन वेगांचा, रेझिस्टरवाला पंखा असेल तर जोड जास्त वेगाच्या वायरीवर द्या. (कमी वेग गेलाय आणि जास्त वेग चालतो, म्हणजे रेझिस्टर जळालाय, ‘पंखा उशिरा लागतो’चं हेही एक खरं कारण, आणि त्याला औषध नवा रेझिस्टर.) दोन पंखे तीन रिलेंनी कधी मालिकेत, कधी समांतर चालवणाऱ्या गाड्यांत आणि पंख्याच्या मोटरलाच कंट्रोल मॉड्यूल असलेल्या नव्या गाड्यांत सर्किट डायग्रॅम हातात असल्याशिवाय काही जोडू नका. वॉरंटीतल्या गाडीत तर नकोच.

बटणात लुकलुकणारा दिवा हवा असतो. तीन पिनांचं दिव्याचं रॉकर बटण हे पॉझिटिव्ह तोडण्यासाठी बनवलेलं असतं. अर्थच्या बाजूला लावलं की दिवा एकतर लागत नाही किंवा उलट वागतो. त्यापेक्षा साधं बटण आणि वेगळा एलईडी लावा. एलईडीची पॉझिटिव्ह १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून, रिलेच्या ८७ वरून, निगेटिव्ह अर्थला. रेझिस्टर रिलेच्या टोकाला बसवा, म्हणजे पुढची बारीक वायर कुठे घासली तरी जळणार नाही. हा दिवा बटण दाबलंय हे सांगत नाही, पंख्याकडे लाइन गेली आहे हे सांगतो, मग ती बटणाने असो वा थर्मो स्विचने. सगळ्या कामात हा दहा रुपयांचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण घाटात काटा चढत असताना दिवा बंद दिसला तर बॉनेट न उघडता कळतं की पंख्याकडे लाइनच जात नाही: थर्मो स्विच, रिले किंवा फ्यूज. दिवा लागलाय आणि पंख्याचा आवाज नाही, तर मोटर, तिचा कपलर किंवा अर्थ.

वायरी नेताना फायरवॉलमध्ये (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यात) असलेल्याच ग्रोमेटमधून न्या. नवं भोक पाडलं तर ग्रोमेट घालाच. पत्र्याची कड सहा महिन्यांत इन्सुलेशन कापते. एक्झॉस्टपासून आणि सीएनजीच्या नळीपासून लांब, फ्लेक्सिबल नळीत, प्रत्येक वीत-दीड वीत अंतरावर टाय. रिले पिना खाली करून, ओव्हरफ्लोच्या नळीखाली येणार नाही असा बसवा. जोड पिळून टेप मारू नका. बॉनेटखालच्या उष्णतेत टेपचा गोंद सुटतो, पावसाळ्यात आत पाणी शिरतं आणि तांबं हिरवं पडतं. क्रिंप करा, स्लीव्ह चढवा.

तपासताना पहिली गोष्ट पंख्याची दिशा. वायरी उलट-सुलट झाल्या तर पंखा फिरतो, आवाजही येतो, पण इंजिनाकडची गरम हवा पुढे फेकतो. रेडिएटरच्या मागे बसलेला पंखा असेल तर पुढच्या जाळीवर कागद धरा. तो ओढला जाऊन चिकटला पाहिजे. मग पंखा चालू असताना बॅटरीच्या दोन टोकांतलं आणि पंख्याच्या कपलरवरचं व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. जास्त असेल तर एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं पंख्याच्या निगेटिव्हवर लावा; ०.२ व्होल्टच्या वर दिसलं तर दोष अर्थचा. पंधरा मिनिटं चालवून रिले, फ्यूज होल्डर आणि कपलरला बोट लावा. कोमट चालेल, चटका नको. चटका बसतो तिथे पिन सैल आहे. मोठा फ्यूज घालणं हा त्यावरचा उपाय नव्हे. शेवटी बटण बंद ठेवून गाडी आयडलवर गरम होऊ द्या आणि थर्मो स्विचने पंखा आपोआप लागतो हे डोळ्यांनी बघा. ही शेवटची चाचणी वगळली तर काम अर्धवट आहे.

वापराबद्दल दोन गोष्टी. काटा वर गेल्यावर बटण दाबण्यापेक्षा चढ सुरू व्हायच्या आधी दाबा. कसाऱ्याला किंवा आंबोलीला पायथ्याशीच चालू करा, माथ्यावर बंद. पाण्यात आणि लोखंडात साठलेली उष्णता बाहेर काढायला पंख्याला वेळ लागतो. आधीपासून चालू असेल तर तो मागे पडत नाही. आणि बटण चालू असूनही काटा लालकडे गेला, तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर पूर्ण वेगात, आणि सुरक्षित जागा दिसताच थांबा. वाफ येत असेल तर इंजिन लगेच बंद. रेडिएटरचं झाकण अर्धा तास तरी उघडू नका. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं की हेड वाकतं, आणि तो खर्च या सगळ्या सामानाच्या कित्येक पट.

पावसाळ्यात पाण्यातून गाडी काढताना पंखा बंद करता यावा म्हणून ऑटो-बंद-चालू असं तीन जागांचं बटण काहीजण लावतात. कारण खरं आहे: फिरत्या पात्यांना पाणी लागलं की ती पुढे वाकून रेडिएटरला घासू शकतात. पण पाणी ओलांडल्यावर बटण ‘बंद’वर विसरलं जातं आणि पुढच्या सिग्नलला इंजिन तापतं. जीपसारख्या गाडीला हे लागतच असेल तर रिलेच्या ८६ला जाणाऱ्या वायरीत दाबून धरलं तरच तोडणारं, सोडताच परत जोडणारं पुश बटण घाला. बोट उचललं की ऑटोमॅटिक परत आलं. साध्या मोटारीला याची गरज नाही. पंख्यापर्यंत पाणी येईल अशा ठिकाणी ती नेऊच नये.

काम झालं की कोणती वायर कुठून कुठे गेली, कोणता फ्यूज किती अँपिअरचा, हे कागदावर काढून त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आत चिकटवा. पुढच्या वेळी गाडी ज्याच्या हातात जाईल त्याला ही नवी वायर कसली ते कळलं नाही, तर तो पहिल्यांदा तीच तोडतो.